एकाच डब्यातल्या दोन टेस्ट

नंदा, तुझ्या अंगावर मी जी साडी घातली ती माहेरून आलेली नव्हती. नांदेडला बसमधून उतरल्यावर स्टँडसमोरच्या दुकानातून मी ती घेतली. दुकानदाराने विचारलं, "कोणासाठी पाहिजे, काका?" मी म्हणालो, बहिणीसाठी. त्याने दोन-चार साड्या टाकल्या, एक उलगडून दाखवली आणि म्हणाला, "ही न्या. हिचा रंग जात न्हाई, कितीबी धुवा." मी तीच घेतली.

बाई गेली की शेवटची साडी माहेरची असते आणि ती घरातल्या बाईने काढून द्यायची असते. लातूरहून निघताना मी थोरल्या वहिनींना विचारलं होतं. त्या भाकरी थापत होत्या. तव्यावरची भाकरी उलटून झाल्यावर म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या, भाऊजी. माझ्याकडून काही नेऊ नका." तुझ्या घरात बायकांनी विचारलं, माहेरचं बाईमाणूस कोण आलंय? मी सांगितलं, वहिनींचे गुडघे लई दुखायलेत. तू समोर भिंतीला टेकून बसलेली होतीस, कपाळभर विभूती, तळहातावर इष्टलिंग, आणि मी तुझ्यासमोर उभा राहून पुन्हा एकदा खोटं बोललो.

आपल्या लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. तुला विमानात, त्या सजवलेल्या पालखीत, बसवताना स्वामी म्हणाले, भावाने पाठीला आधार द्यावा. मी हात लावला. तुझी पाठ इतकी लहान झाली आहे हे मला माहीत नव्हतं. आपली आई, अव्वा, गेली तेव्हा थोरल्या अण्णाने तिला असंच धरलं होतं, छातीशी पाठ लावून, हनुवटी तिच्या डोक्यावर टेकवून. मला तेव्हाच तुझ्या कानात सगळं सांगून टाकायचं होतं. पण भोवती माणसं होती, मंत्र चालू होते, आणि खरं सांगायचं तर मेलेल्या माणसाच्या कानात सांगणं सोपं आहे. ते सोपं होतं म्हणूनच मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी महेश माझ्याजवळ येऊन बसला. तुझा मुलगा तुझ्यासारखाच बसतो, एक पाय दुमडून. म्हणाला, "मामा, दिवसांचं जेवण हाय गणाराधनेला, तवा वाचायला आईवर चार शब्द लिहून द्या. तुमच्यापेक्षा तिला जास्त कोण ओळखतंय?" मी हो म्हणालो. मग तो म्हणाला, "शेवटी शेवटी ती अण्णामामाचंच बोलायची. माझ्यामुळं गेला म्हणायची. मी म्हणायचो, आई, कोरोनाच्या त्या साथीत कोणाचं कोणाला झालं ते देवाला तरी मालूम हाय का? ती म्हणायची, दादानं सांगितलंय. दादाला त्यातलं कळतं."

लातूरला परत येताना अहमदपूरपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो, पण काय बघितलं ते आठवत नाही.

चार शब्द लिहायला बसलो. महेशचे वडील गेल्यावर तू किराणा दुकान कसं चालवलंस, महेशला कसं शिकवलंस, दारात आलेल्याला कधी उपाशी पाठवलं नाहीस, असं सगळं. ते खरंच आहे आणि ते सगळ्यांना माहीत आहे. मी ते फाडून टाकलं. जे कोणालाच माहीत नाही ते लिहितो.

आधी एक लिहू दे. माझी बायको कमल गेली तेव्हा तू दुकान महेशवर टाकून माझ्याकडे येऊन राहिलीस. मला भाकरी शिकवलीस. माझी पहिली भाकरी बघून म्हणालीस, "जन्मभर लोकांच्या रक्ताचे थेंब मोजलेस आन् पिठात पाणी किती ते कळंना का तुला?" मी चिडलो तर म्हणालीस, "चिड. रडण्यापरीस बरं." मी रडत नव्हतो तेव्हा, आणि माझं न रडणं घरात फक्त तुलाच दिसत होतं. नंतर तूच अण्णाकडे गेलीस आणि सांगितलंस, दादाला एकट्याला ठेवू नका. वरची खोली तुझ्या सांगण्यावरून मला मिळाली. त्या खोलीत बसून हे लिहितो आहे. तुझ्यामुळे मिळालेलं छप्पर जाऊ नये म्हणून मी तुझा बळी दिला, हे वाक्य मी कितीतरी वेळा मनात लिहिलं. कागदावर आज पहिल्यांदा.

अव्वा गेली तो दिवस तुला आठवतो तसा मला आठवत नाही, कारण तू दुपारी आलीस. सकाळचं मी सांगतो.

तिसरी लाट नुकतीच आली होती. मी तेव्हा निवृत्तीनंतर एका खासगी लॅबमध्ये सकाळचा बसायचो. दिवसभर लोकांच्या नाकात काड्या घालायच्या आणि त्यांना समजावायचं. नवा प्रकार आला होता, ओमिक्रॉन. त्याची एक खोड आम्हाला दिसत होती. घसा आधी धरायचा, अंग आधी मोडून यायचं, आणि नाकात विषाणू पुरेसा नंतर जमायचा. आज अँटीजेन टेस्ट निगेटिव्ह आणि दोन दिवसांनी त्याच माणसाची पॉझिटिव्ह, असं रोज होत होतं. म्हणून मी प्रत्येकाला सांगायचो, बाबा, खोकला असंल तर ह्या निगेटिव्हवर जाऊ नको. मोठी टेस्ट कर, ती आरटीपीसीआर, तोवर घरात लांब राहा. हे मी इतक्या वेळा सांगितलं होतं की झोपेतही सांगितलं असतं.

घरी किटचा एक डबा आणून ठेवला होता. वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, ते कोरोनाचं सामान माझ्या दह्याशेजारी कामून ठेवता?" तरी फ्रिजच्या दारातच राहिला होता.

अव्वाला दोन-तीन दिवस खोकला होता. नव्वदी ओलांडलेल्या बाईला थंडीत खोकला होतोच, असं सगळेच म्हणाले. मीसुद्धा. पहाटे ती गेली. तुला फोन केला तो मीच. गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावलं. ते दारातच थांबले आणि म्हणाले, "खोकला होता म्हणता, तर टेस्ट करून घ्या. निगेटिव्ह असंल तर मी दाखला देतो. पॉझिटिव्ह असंल तर महापालिकेला कळवावं लागंल, मग माझ्या हातात काही न्हाई."

त्याचा अर्थ अंगणातल्या प्रत्येकाला कळला. पिशवीत बांधायचं, आंघोळ नाही, विभूती नाही, शेवटच्या आशीर्वादाला स्वामींचा पाय डोक्याला लागणार नाही. आणि आडवं. आपल्या अव्वाला अनोळखी माणसं आडवं पुरणार.

मी डबा फ्रिजमधून काढला. पट्टी थोडा वेळ बाहेर ठेवून मग वापरायची असते. गार पट्टीवर द्रव हळू चढतो. मला हे माहीत होतं. मी गारच वापरली.

अव्वाच्या नाकात काडी घातली. जिवंत माणूस मान मागे घेतो, डोळ्यांत पाणी येतं, शिव्या देतो. अव्वाने काहीच केलं नाही. माझा हात थांबला. जेवढी आत न्यायला पाहिजे तेवढी मी नेली नाही. मग बाटलीत घोळवली, थेंब टाकले. पट्टीवर दोन जागा असतात. एक 'सी'ची, ती रेघ उठली म्हणजे पट्टी चालू आहे. दुसरी 'टी'ची, ती उठली म्हणजे माणूस पॉझिटिव्ह. 'सी'ची उठली. 'टी'ची जागा पांढरी होती. पंधरा मिनिटं थांबायचं असतं.

बाहेरून भावकीतले थोरले कोणीतरी ओरडले, "नागनाथ, आटप. पाय आखडायलेत तिचे. उशीर झाला की मांडी बसायची न्हाई." ते खरं होतं. पहाटेपासून बराच वेळ गेला होता. अण्णा अव्वाच्या गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, उबेने मऊ राहतील अशा आशेने. त्याने माझ्याकडे बघितलं. आदल्याच दिवशी त्याचं डायलिसिस झालं होतं, हातावर पट्टी होती.

पाचएक मिनिटं झाली असतील. मी बाहेर आलो आणि म्हणालो, "निगेटिव्ह."

कोणीतरी महादेवाचं नाव घेतलं. बायकांनी पाणी तापायला ठेवलं. डॉक्टरांनी तिथेच ओट्यावर दाखला लिहिला. मी पट्टी सदऱ्याच्या खिशात टाकली. अण्णाने अव्वाला पाठीमागून धरलं, आम्ही पाय दुमडले, मांडी बसली. ती इतकी नीट बसली की सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. ते मी नाकारत नाही.

मग तू आलीस. रिक्षातून उतरतानाच तुझा आवाज बसलेला होता. नांदेडपासून लातूरपर्यंत रडत आलेल्या बाईचा आवाज बसणारच. पण पुढे लोकांनी तो आवाज बरोबर लक्षात ठेवला.

वहिनी दारात आडव्या आल्या. "नांदेडला लई पेशंट निघायलेत म्हणे. भाऊजी, हिची बी करा. यांचं डायलिसिस चालू हाय, मला भ्या वाटतं."

तू म्हणालीस, "माझी अव्वा आत हाय आन् मी दारात नाक उघडून बसू?"

"बस गं बाई," वहिनी म्हणाल्या. "पाया पडते तुझ्या."

तू ओट्यावर बसलीस. डबा सकाळपासून बाहेरच होता, आता गार नव्हता. तुझ्या नाकात काडी मी नीट नेली, दोन्ही नाकपुड्यांत फिरवली. तू शिंकलीस आणि म्हणालीस, "मेंदूपर्यंत जातोस का काय, दादा? तिथं काही सापडायचं न्हाई तुला." रडता रडता बोललीस हे. वहिनींनाही किंचित हसू आलं होतं. ते तुम्हा दोघींमधलं शेवटचं.

तुझ्या वेळी मी पूर्ण थांबलो. घाई नव्हती, अव्वा बसली होती. पट्टी ओट्यावर सगळ्यांसमोर ठेवली होती आणि तू आतल्या दाराकडे बघत बसली होतीस. पंधरा मिनिटांनंतरही 'टी'ची जागा कोरी होती. मग तुला आत सोडलं. तू जाऊन अव्वाच्या मांडीवर डोकं ठेवलंस.

माती देऊन आलो. आंघोळीला सदरा काढताना खिशातली पट्टी हाताला लागली. 'टी'च्या जागी एक रेघ होती. फिकट, नीट बघितल्याशिवाय न दिसणारी.

आता हे नीट ऐक, कारण इथे माझ्याजवळ पळवाट होती आणि मी ती वापरली. इतक्या उशिरा बघितलेली रेघ धरायची नसते. वाळताना कधी कधी नुसतीच रेघ उमटते. लॅबमध्ये शिकायला येणाऱ्यांना मी दोन गोष्टी शिकवायचो. वेळेत दिसलेली रेघ कितीही फिकट असो, ती रेघ. वेळ उलटून दिसलेली कितीही ठळक असो, ती काही नाही. तेव्हा मी स्वतःला म्हणालो, ही काही नाही. पण वेळेत मी बघितलंच नव्हतं. वेळेत काय दिसलं असतं हे आता कोणालाच कळणार नाही, मलासुद्धा नाही. मी पट्टी कागदात गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी लॅबच्या कचऱ्यात टाकली.

तेव्हा मी पळत जाऊन म्हणालो असतो की अव्वाची टेस्ट धरू नका, सगळे वेगवेगळ्या खोल्यांत बसा, अण्णाला आजच दवाखान्यात दाखवा, तर काय झालं असतं? कदाचित तेच झालं असतं. अण्णाने दिवसभर अव्वाला छातीशी धरलं होतं. पण आजाराचे सुरुवातीचे दिवस आम्ही घालवले ते घालवले नसते. डायलिसिसच्या माणसाला ते दिवस महत्त्वाचे असतात.

तुला आणि अण्णाला बरोबरच ताप आला. तुझा नांदेडला गेल्यावर, त्याचा इथे. दोघांची मोठी टेस्ट पॉझिटिव्ह. तू उठलीस. अण्णा दवाखान्यातून परत आला नाही. त्याला पिशवीत बांधलं आणि आडवं नेलं. आईची मांडी नीट बसावी म्हणून मी जे केलं, त्यात थोरला भाऊ आडवा गेला. आपण कोणी तिथे नव्हतो. शिवराज, त्याचा मुलगा, लांबून बघून आला आणि नुसता आंघोळ करत राहिला.

अण्णाच्या दिवसांना माणसं जमली. घरात कोरोना कोणी आणला हा एकच विषय होता. एकजण म्हणाला, "अव्वाची तर निगेटिव्ह होती. घरात नवं माणूस कोण आलं? नंदा." दुसरा म्हणाला, "पण तिची बी दारात निगेटिव्ह आलती की. नागनाथनंच केली." मग सगळे माझ्याकडे वळले. वहिनी दाराआड बसल्या होत्या. मला त्यांची साडी दिसत होती.

मी म्हणालो, "हा नवा प्रकार हाय. किट जुन्या विषाणूवर बेतलेल्या हायत. पुष्कळदा पकडत न्हाईत."

हे वाक्य अर्धवट खरं होतं आणि मला माहीत होतं की ते अर्धवट आहे. विषाणू बदलला होता तो जास्त करून बाहेरच्या काट्यांमध्ये. आपली पट्टी आतलं प्रथिन पकडते आणि ते फारसं बदललेलं नव्हतं. नव्या प्रकारात पट्ट्या चुकत होत्या त्या मुख्यतः लवकर केल्यामुळे, काडी वरवर फिरवल्यामुळे, न थांबल्यामुळे. विषाणूपेक्षा आमच्या हातांमुळे जास्त. पण नवा प्रकार म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही. टीव्हीवर रोज तेच चालू होतं. सगळ्यांनी माना हलवल्या. दाराआडून वहिनी म्हणाल्या, "म्हणजे तिनंच आणलं." माझं न बोलणं हेच उत्तर झालं.

अव्वाच्या टेस्टबद्दल कोणी विचारलं नाही. ती खरी, तुझी खोटी, असं ठरून गेलं.

त्यानंतर तुला या घरात कोणी बोलावलं नाही. शिवराजच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका महेशच्या नावाने गेली. महेश एकटा आला, जेवला आणि गेला. तू मला म्हणालीस, "वैनीचा नवरा गेलाय, दादा. तिला राग काढायला कोणीतरी पाहिजे की. माझ्यावर काढू दे." आणि भाऊबीजेला तू लातूरच्या बसस्टँडवर यायला लागलीस. घरी यायचं नाही, पण भाऊबीज चुकवायची नाही, म्हणून.

पहिल्या वर्षीचं आठवतं ना? बाकड्यावर टॉवेल अंथरलास. पिशवीतून स्टीलचं ताट, कुंकू, सुपारी. निरांजन वाऱ्याने विझायला लागलं, तर शेजारी बसलेल्या एका माणसाने त्याची टोपी आडवी धरली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, आटपा, नांदेड गाडी सुटायलीय." तू म्हणालीस, "सुटू दे. भावाला ओवाळायले, चोरी न्हाई करायले." तो म्हणाला, "मग मला बी ओवाळा, मला बहीण न्हाई." आणि तू खरंच त्याला ओवाळलंस. करंजी दिलीस. त्याने गाडी थांबवली.

गाडीत चढायच्या आधी तू मला विचारलंस. तुझ्या मनात ते बरेच दिवस असणार. "दादा, मला एक कळंना. एकाच डब्यातल्या दोन टेस्ट. अव्वाची खरी आन् माझी खोटी, हे कसं? एका पोत्यातली डाळ मी गिऱ्हाइकाला अशी विकली तर मला मारतील लोक."

मी म्हणालो, "तसं नसतं ते. तुला त्यातलं कळत न्हाई."

"मग समजावून सांग."

"आत्ता इथं काय समजावू? गाडी सुटायलीय."

तू पिशवीची गाठ मारलीस. मग दुसरं विचारलंस, हळू आवाजात, मला अडकवायला नाही, तर काळजीने. "तू स्वतःची केलतीस का तवा? तू रोज पेशंटमधी होतास."

नंदा, अव्वाला खोकला यायच्या आधी माझा घसा धरला होता. अंग मोडून आलं होतं. दोन दिवस मी खोलीत पडून होतो आणि अव्वाने मला वर काढा पाठवला होता. मग ती स्वतः काठी टेकत जिन्यापर्यंत आली होती, काढा प्यालास का विचारायला, आणि मी खाली येऊन तिच्याजवळ बसलो होतो. फ्रिजमध्ये डबा होता. लॅबला कळलं तर काम बंद होईल, घरात सगळे लांब पळतील, आणि घसाच तर धरलाय, असं म्हणून मी स्वतःच्या नाकात काडी घातली नाही. शहरभर लोकांना खोकला असला की घरात लांब राहा म्हणून सांगणारा माणूस.

तुला मी म्हणालो, "हो. केलती. निगेटिव्ह होती."

तुझा चेहरा कसा झाला ते मी तेव्हाच बघितलं आणि तेव्हाच विसरायचं ठरवलं. तू हिशोब करत होतीस. अव्वा निगेटिव्ह, दादा निगेटिव्ह, मग उरलं कोण? तू म्हणालीस, "मग माझ्याकडूनच आलं असंल." आणि गाडीत चढलीस. खिडकीतून विचारलंस, "वैनीची शुगर कशी हाय?"

त्यानंतर तू पुन्हा कधी डाळ आणि पोत्याचं काढलं नाहीस. आपला वाद मिटला असं मला वाटलं, आणि मला बरं वाटलं, हेही लिहायला पाहिजे. तू पुढच्या प्रत्येक भाऊबीजेला आलीस. दर सोमवारी अण्णाच्या नावाने उपास धरायला लागलीस. मी म्हणालो, शुगर हाय तुला, उपास कामून करतेस? तू म्हणालीस, तेवढं तरी करू दे. मला कळत होतं हा उपास कशाचा आहे. तू एका माणसाला मारल्याचा उपास करत होतीस आणि मी बाकड्यावर बसून तुझी करंजी खात होतो.

लोक म्हणतात, कोणी कोणाला मुद्दाम दिलं नाही, साथच होती. महेशही तेच म्हणाला. ते बरोबर आहे आणि आजाराबद्दल मी स्वतःला तेवढी सूट देतो. मला माहीत नाही अव्वाला माझ्याकडून झालं का. खात्रीने कोणी सांगू शकणार नाही. पण ज्या गोष्टींची मला खात्री होती त्या मी लपवल्या, आणि ज्यांची खात्री नव्हती त्या तुझ्या नावावर टाकल्या. त्यात साथीचा काही दोष नाही.

नांदेडहून परत आलो त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेलो. वहिनींनी ताट वाढलं. मी म्हणालो, "आधी ऐका." जसं वर लिहिलं तसंच सांगितलं, अव्वाच्या टेस्टचं, खिशातल्या पट्टीचं, माझ्या घशाचं. त्या चुलीकडे तोंड करून ऐकत होत्या.

त्यांनी ताटावर झाकण ठेवलं. मग म्हणाल्या, "पंधरा मिनिटं थांबला असतात तर काय दिसलं असतं?"

"माहीत न्हाई, वहिनी."

"तरी सांगा. तुमचं मन काय म्हणतं?"

"रेघ दिसली असती."

"मग अव्वाला बसवता आलं नसतं."

"न्हाई."

"आन् यांनी तिला धरलं नसतं."

त्यांनी चुलीवरचा तवा खाली उतरवला.

"नंदाला मालूम होतं का हे?"

"न्हाई. मी तिला खोटं सांगितलं."

त्या वळल्या. मला वाटलं ओरडतील, आणि ओरडल्या असत्या तर मी सोसलं असतं. त्या म्हणाल्या, "ती फोन करायची मला. नातीच्या लग्नाच्या वेळी केला, तिला पोर झाली तवा केला, दिवाळीला करायची. मी उचलत नव्हते. वाजून वाजून बंद व्हायचा. मी बघत बसायचे." मग म्हणाल्या, "माझ्या एकटीपुढं सांगून काय भागायचं न्हाई, भाऊजी. ज्यांच्यापुढं तिचं नाव घेतलंत त्यांच्यापुढं सांगा."

मी सकाळी महेशला फोन केला. तेच सगळं त्यालाही सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "आईनं किती सोमवार धरले मालूम हाय का तुम्हाला?" आणि मग, "मामा, गणाराधनेला तुम्ही येऊ नका." त्याने फोन ठेवला नाही. तो वाट बघत होता, मी काही म्हणेन म्हणून. मी बरं म्हणालो.

म्हणून मी हे लिहून पाठवतो आहे. उद्या सकाळी वहिनी आणि शिवराज नांदेडला निघतील. शिवराज हे सगळ्यांसमोर वाचून दाखवणार आहे. अण्णाच्या दिवसांना जे बसले होते त्यातले बरेच तिथे असतील. त्यांच्यासाठी एवढंच. नंदा दारात आली तेव्हा तिची टेस्ट मी नीट केली होती, काडी नीट फिरवली होती, पूर्ण वेळ थांबलो होतो. अँटीजेन टेस्टच्या निगेटिव्हची पक्की खात्री कोणी देऊ नये, मीही देत नाही. पण त्या दिवशी त्या घरात नीट केलेली टेस्ट ती एकच होती आणि ती निगेटिव्ह होती. आमच्या घरात आधी खोकला होता. त्याच्याही आधी माझा घसा धरला होता. तिने काही आणलं असं मानायला कोणाकडेही काही आधार नव्हता. माझं एक वाक्य तेवढं होतं.

नंदा, मी माफी मागत नाही. देणारी तू होतीस आणि तू मागायच्या आधीच दिली असतीस, म्हणून तर मी मागितली नाही.

उद्या तिथे बायकांमध्ये वहिनी तुझ्या माहेरच्या म्हणून बसतील. पुरुषांच्या पंगतीत माहेरच्या भावाची जागा मोकळी राहील. ती मोकळी का, हे या वेळी कोणाला विचारावं लागणार नाही.